कामावर टेंडन किंवा लिगामेंटला इजा झाल्यावर भरपाई मागताना या चुका टाळा

हाड मोडले किंवा बोट तुटले की कारखान्यात धावपळ होते. गुडघ्यातील लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा बंध) फाटले किंवा बोट वाकवणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापले गेले, तर मात्र 'मुरगळले असेल, बाम लावून बघ' एवढ्यावर विषय संपवला जातो. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांचे भरपाईचे दावे तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि सर्वांत दुबळ्या फायली याच इजांच्या असतात. इजा लहान असते हे त्यामागचे कारण नव्हे. ती बाहेरून दिसत नाही आणि पहिल्या दोन दिवसांत ती कागदावर नीट उतरलेली नसते, हे खरे कारण आहे.

कायद्याविषयी थोडे आधी सांगणे आवश्यक आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली असून 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तिच्यात सामावला गेला आहे. त्यापूर्वीच्या अपघातांचे असंख्य दावे अजून जुन्या कायद्याखालीच चालू आहेत, म्हणून पुढची मोजणी मी जुन्या कायद्यानुसार दिली आहे. मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे: कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात होऊन इजा झाली, तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची असते आणि त्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगाराला सिद्ध करावे लागते ते एवढेच, की इजा कामावर झाली, ती हीच आहे आणि तिच्यामुळे कमाईची क्षमता घटली. याच तीन गोष्टींवर बहुतेक दावे अडखळतात.

रुग्णालयात 'घरी पडलो' असे सांगणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नवी फाइल हातात आली की मी प्रथम रुग्णालयाचा पहिला केसपेपर उघडतो आणि त्यावरची हकीकत वाचतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यातील माथाडी कामगाराचे उदाहरण सांगतो. ट्रकच्या फाळक्यावरून ओझे घेऊन उतरताना त्याचा पाय जमिनीवर रोवला गेला, शरीर वळले आणि गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. सुपरवायझरने त्याला आपल्या मोटारसायकलवरून खासगी रुग्णालयात नेले, वाटेत सांगितले की 'कंपनीत लागले म्हणालास तर पोलीस केस होईल, घरी पडलो म्हण, बिल आम्ही भरतो', आणि त्या बिचाऱ्याने तसेच सांगितले. केसपेपरवर नोंद झाली: 'घरी जिन्यावरून घसरून पडल्याची हकीकत'. काही आठवड्यांनी एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याचा पुढचा मुख्य लिगामेंट, पूर्ण फाटल्याचे निघाले. शस्त्रक्रियेचा खर्च समोर येताच कंपनीने हात वर केले आणि भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांसमोर मालकाच्या विमा कंपनीच्या वकिलाने सर्वांत आधी दाखल केला तो तोच केसपेपर. शेवटी दावा तरला तो गेटच्या रजिस्टरमधील बाहेर पडण्याच्या वेळेमुळे आणि त्याच दुपारी सुपरवायझरने ठेकेदाराला पाठवलेल्या 'माणूस गाडीवरून पडला, दवाखान्यात नेतोय' या मोबाइल संदेशामुळे. पण तोवर प्रकरण वर्षानुवर्षे लांबले होते आणि त्या माणसाने गावाकडची जमीन गहाण टाकली होती.

माझा आग्रह असा असतो की डॉक्टरांना स्थळ, वेळ आणि इजा कशी झाली हे तिन्ही स्पष्ट सांगावे: 'कंपनीच्या आवारात, कामावर असताना, दुपारी अमुक वाजता, फाळक्यावरून ओझे घेऊन उतरताना उजवा गुडघा पिळला गेला.' लिहून झाल्यावर ते वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि निघण्यापूर्वी केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढावा. रुग्णालयाने पोलिसांकडे एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद पाठवली तर घाबरू नये. ती नोंद कामगाराच्याच उपयोगी पडते. खोटी हकीकत आधीच लिहिली गेली असेल, तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. खरी हकीकत सांगणारा अर्ज रुग्णालयाला द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि त्याच दिवशी मालकाला रजिस्टर पोस्टाने अपघाताची लेखी सूचना पाठवावी. बिल कोण भरणार या क्षणिक चिंतेपोटी आयुष्यभराच्या हक्कावर पाणी सोडायला लावणाऱ्या सुपरवायझरांविषयी माझ्या मनात अजिबात सहानुभूती नाही.

एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होणे

एक्स-रेमध्ये हाड दिसते. टेंडन आणि लिगामेंट दिसत नाहीत. 'एक्स-रे नॉर्मल' या शेऱ्याचा अर्थ 'इजा नाही' असा होत नाही. सूज किंवा अस्थिरता टिकून राहिली, तर हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि त्यांनी सुचवल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेण्यात दिरंगाई करू नये.

पत्र्याच्या धारेने तळहात किंवा बोट कापले जाणे ही आपल्याकडच्या प्रेस शॉपमधील नित्याची घटना आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कातडीला टाके घातले जातात, बोट थोडेफार वाकते, म्हणून कामगार दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो. बोट वाकवणारी टेंडन दोन असतात. खोलवरचे कापले गेले आणि वरचे शाबूत राहिले, तर बोट मधल्या सांध्यात वाकते, पण टोकाचे पेर वाकत नाही. मधले पेर दुसऱ्या हाताने सरळ धरून ठेवावे आणि फक्त टोक वाकवून पाहावे. ते वाकत नसेल तर त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे जावे. कापलेल्या टेंडनची टोके आत मागे सरकतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत होणारी शस्त्रक्रिया सोपी असते आणि उशीर झाला की दुसरीकडचे टेंडन काढून बसवण्याची वेळ येऊ शकते. दाव्याचेही नुकसान होते, कारण उशिरा सापडलेल्या इजेविषयी 'मधल्या काळात दुसरीकडे कशावरून कापले नाही?' हा प्रश्न हमखास विचारला जातो.

अपंगत्वाचे टक्के आणि कमाईतील घट एकच समजणे

आणखी ज्या एका चुकीची मला खरोखर चीड आहे ती ही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हात, पाय, बोट तुटणे, डोळा जाणे अशा इजांसाठी ठरावीक टक्के दिलेले आहेत. फाटलेले लिगामेंट किंवा आखडलेले टेंडन त्या यादीत नाही. अशा इजेत पात्र डॉक्टरने कमाईच्या क्षमतेत झालेली कायमची घट किती, याचा अंदाज द्यायचा असतो. अवयवाच्या अपंगत्वाचा टक्का आणि ही घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्याचे आठ टक्के अपंगत्व बैठे काम करणाऱ्या कारकुनाच्या कमाईला फारसे धक्का लावणार नाही, पण शिडीवर चढून पाइप जोडणाऱ्या फिटरचे काम ते बंद पाडू शकते. 1970 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात हेच धरले: सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची घट अनुसूचीतील टक्क्यांवर न थांबवता शंभर टक्के मानली गेली.

यात पैशाचा फरक किती पडतो ते पाहावे. जुन्या कायद्यानुसार कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. जानेवारी 2020 पासून हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आहे. वय 35 असेल तर गुणांक 197.06, म्हणजे 9,000 गुणिले 197.06, एकूण 17,73,540 रुपये. अंशतः अपंगत्वात याच रकमेचा टक्का मिळतो. घट 8 टक्के धरली तर सुमारे 1,41,900 रुपये आणि 40 टक्के धरली तर 7,09,400 रुपये. प्रमाणपत्रातील एका ओळीवर साडेपाच लाखांहून अधिक रक्कम अवलंबून असते, आणि तरीही लोक ते प्रमाणपत्र एजंटाकरवी, डॉक्टरांना प्रत्यक्ष न भेटता मिळवू पाहतात. असे प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकत नाही, कारण ते देणारा डॉक्टर साक्षीला येत नाही किंवा आला तर कामाचे स्वरूप सांगू शकत नाही. मी डॉक्टरांकडे जाताना कामगाराच्या कामाचे वर्णन एका पानावर लिहून नेतो: किती वजन उचलावे लागते, उकिडवे बसावे लागते का, शिडी किती उंच, मुठीने कोणते अवजार आवळावे लागते. उपचार पूर्ण होऊन स्थिती स्थिरावण्यापूर्वी हे मूल्यमापन घेण्याची घाईही करू नये. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर जड कामाचा निर्णय व्हायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, आणि तिसऱ्या महिन्यात घेतलेला टक्का कोणालाच पटत नाही.

इतर चुका

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असताना आयुक्तांकडे दावा लावणे व्यर्थ आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला विमाधारक कामगार नोकरीतील इजेसाठी ईएसआयकडेच गेला पाहिजे. तेथे इजा 'आजार' म्हणून नोंदली जात नाही ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. आजारपणाचा लाभ 70 टक्के आणि मर्यादित दिवसांचा असतो. नोकरीतील इजेचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ 90 टक्के असतो आणि तो अपंगत्व टिकेपर्यंत चालतो.

ठेकेदार पळून गेला म्हणून हताश होऊ नये. ज्याच्यासाठी ठेकेदार काम करवून घेत होता त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते.

'पन्नास हजार मिळाले, यापुढे तक्रार नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे आणि ठोक रकमेच्या तडजोडीची आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. तरीही तो कागद पुढे महिनोन् महिने खोडत बसावे लागतेच.

आधीपासून खांदा दुखत होता ही गोष्ट लपवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 1950 च्या दशकात पोर्ट ट्रस्टच्या हृदयविकार असलेल्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात, कामाच्या ताणाने मूळ दुखण्यात भर पडली असेल तर भरपाई नाकारता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. लपवलेले जुने दुखणे उलटतपासणीत बाहेर येते तेव्हा मात्र खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण साहेबांनी तोंडी आश्वासन दिले होते हे कारण मी कोणालाही पुढे करू देत नाही.

शेवटची चूक फिजिओथेरपीची आहे. टाके निघाले, दुखणे कमी झाले की कामगार व्यायाम सोडतो, आणि मग बोट आखडते. मालकाने मोफत देऊ केलेले उपचार नाकारले किंवा डॉक्टरांच्या सूचना डावलल्या आणि त्यामुळे इजा बळावली, तर नियमित उपचार घेतले असते तेव्हा जी स्थिती राहिली असती तिच्याच हिशेबाने भरपाई ठरू शकते. म्हणून फिजिओच्या प्रत्येक भेटीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी, त्यावर सही-शिक्का घ्यावा आणि मजुरी बुडते म्हणून एखादी भेट चुकली, तर त्याचे कारणही त्याच कार्डाच्या मागे नोंदवून ठेवावे.