कोपऱ्यावरचं थाई हॉटेल: बर्लिनला नव्याने आलेल्यांसाठी

मी 2011 साली बर्लिनला आले. तेव्हापासून दर ऑक्टोबरला, विद्यापीठं सुरू होताना, पुण्या-मुंबईहून, सांगली-नाशिकहून आलेली नवी मुलं भेटतात. घरच्या जेवणाची आठवण अनावर झाली की कुणीतरी त्यांना भारतीय हॉटेलात घेऊन जातं. तिथला साय घातलेला, गोडसर केशरी रस्सा खाऊन ती आणखीच हिरमुसतात. त्यापेक्षा तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जे आठ-दहा टेबलांचं थाई हॉटेल असेल, तिथे जा, असं मी प्रत्येकाला सांगते. नारळाचं दूध, चिंच, मिरची, कोथिंबीर आणि वाफाळता भात, इतकं ओळखीचं एका ताटात या शहरात सहज मिळत नाही. इथल्या मेन्यूत लेमनग्रास म्हणतात तो आपला गवती चहा. ‘पाट क्रपाव’ या परतलेल्या थाई पदार्थातला क्रपाव म्हणजे चक्क तुळस, फक्त इथे तिच्या जागी बऱ्याचदा गोडसर वासाची दुसरी थाई बेसिल घालतात.

जागा मिळवणं, बसणं यात अवघड काही नाही. आत गेल्यावर ‘गुटन टाग’ म्हणा, किती जण आहात ते बोटांनी दाखवा. पाणी फुकट येत नाही. नुसतं ‘वासर’ मागितलं तर बहुधा बुडबुडेवालं येईल, साधं हवं असेल तर ‘श्टिलेस वासर’ म्हणा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शाकाहारी असाल किंवा घरून येणारं माणूस शाकाहारी असेल, तर हे दोनदा वाचा.

2015 च्या श्रावणात आई माझ्याकडे आली होती. घराजवळच्या एका थाई हॉटेलात मी तिला मोठ्या हौसेने नेलं. मेन्यूकार्डावर हिरवं पान छापलेलं होतं, शेजारी ‘वेगेटारिश’, म्हणजे शाकाहारी, असं लिहिलेलं होतं. मी टोफू घातलेली ग्रीन करी मागवली. आईला ती फार आवडली. ‘गवती चहाचा वास येतोय गं,’ म्हणत तिने वाटी पुसून खाल्ली. पैसे देताना मी मालकीणबाईंना सहज विचारलं, की हा मसाला घरी करता येईल का. त्यांनी आनंदाने एकेक जिन्नस सांगितला, त्यात ‘कपी’ आणि ‘नाम प्ला’ हेही आलं. कपी म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, आणि नाम प्ला म्हणजे फिश सॉस, मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. जर्मन शब्द कानावर पडले तेव्हा माझा चेहरा बघून आईने ओळखलं. ती काही बोलली नाही. उरलेले तीन आठवडे तिने बाहेर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. प्रवासात डबा, सहलीत डबा, म्युझियमच्या पायऱ्यांवर बसून दशम्या. तिची ती सुट्टी मी वाया घालवली, हे मला आजही लागतं.

त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. थाई स्वयंपाकात फिश सॉस मिठाच्या जागी असतो. मटण-चिकन नाही म्हणजे शाकाहारी, असा हिशोब तिथे होऊ शकतो. चूक माझी होती, मी विचारलं नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे कार्ड नीट वाचलं नाही.

युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून सुट्या खाद्यपदार्थांसाठीही चौदा अॅलर्जीकारक जिन्नसांची माहिती गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे असा नियम आहे. त्या चौदांत मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी आणि कालवांसारखे शिंपल्यातले जीव हे तिन्ही येतात. पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे असतात, त्यांचा अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या पानावर दिलेला असतो. शाकाहारी माणसाने हिरव्या पानापेक्षा या अक्षरांवर भरवसा ठेवावा. ‘फिश’ (मासे) आणि ‘क्रेब्सटीअरे’ (कोळंबी-खेकडे) या शब्दांपुढे कोणतं अक्षर आहे ते शोधा, मग तुमच्या टोफूच्या नावापुढे ते आहे का बघा. अक्षरं प्रत्येक हॉटेलात वेगळी असतात, एका ठिकाणची पाठ करून दुसरीकडे जाऊ नका. कार्डावर काहीच नसेल तर वेगळी वही असते, ती मागा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी तर ही वही बघितल्याशिवाय घास तोंडात घालू नये. सोम तम, पाट थाई, मसमन करी, सगळीकडे शेंगदाणे असतात.

त्यानंतरही तोंडाने विचारा. ‘ओने फिशसोसे, ओने आउस्टर्नसोसे, ओने गार्नेलेनपास्ते, बिट्टे.’ म्हणजे फिश सॉस, कालवांचा सॉस आणि कोळंबीचा गोळा यांच्याशिवाय. हे तीन शब्द पाठ करा. ‘आय अॅम व्हेज’ म्हणून थांबू नका. अंडं खात नसाल तर ‘ओने आय’ हेही जोडा, इथल्या शाकाहारात अंडं असतंच.

एक समजून घ्या. लाल किंवा हिरवी करी मागवून ‘फिश सॉस घालू नका’ म्हटल्याने काम होत नाही. वाटण बहुतेक वेळा डब्यातून तयार आलेलं असतं आणि कोळंबी त्यात आधीच असते. ती कुणी वेचून काढू शकत नाही. अशा वेळी सोया सॉसमध्ये परतलेल्या भाज्या आणि भात मागा. ‘होत नाही’ असं उत्तर आलं तर ते मान्य करा. इथे ‘नाइन’ म्हणजे अपमान नसतो, त्या माणसाने तुम्हाला फसवलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आपली काही मंडळी यावर हुज्जत घालतात, आवाज चढवतात, आणि मग पुढच्या मराठी माणसाला आत आल्या आल्या कपाळावरच्या आठ्या बघाव्या लागतात. हे सवाल-जवाब शुक्रवारी रात्री साडेसातला नको. संध्याकाळी साडेपाचला जा, स्वयंपाकघरातलं माणूस स्वतः बाहेर येऊन सांगेल.

स्वयंपाकी थाई असेल तर ‘मांगसविरत’ हा शब्द चालतो. तो आपल्या संस्कृत ‘मांस’ आणि ‘विरति’वरूनच गेलाय. पण अधिक पक्का शब्द ‘जे’: त्यात प्राण्यापासून आलेलं काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना तो नेमका लागू पडतो. मात्र बर्लिनमधली कित्येक ‘थाई’ हॉटेलं व्हिएतनामी कुटुंबं चालवतात, तिथे थाई शब्द कळतीलच असं नाही. जर्मनच बोला.

तिखटाबद्दल फुशारकी नको. ‘शार्फ’ म्हटलं की जर्मन माणसाला झेपेल एवढं येतं. ‘थाई-शार्फ’ म्हटलं की कोल्हापूरकरालाही घाम फुटतो, मी पाहिलंय. मध्यम मागवा आणि टेबलावरची मिरचीची वाटी जवळ ओढा. त्यातल्या पाण्यात तरंगणाऱ्या मिरच्या मात्र फिश सॉसमधल्या असू शकतात, कोरडी पूड घ्या. जेवायचं चमच्याने, काटा फक्त चमच्यावर ढकलायला. चॉपस्टिक मागायची गरज नाही, थायलंडात त्या नूडल्ससाठी असतात.

पैसे रोख ठेवा. दारावर ‘नूर बारगेल्ड’ लिहिलेलं असेल तर कार्ड चालणार नाही. ‘ट्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळं. बारा जण न सांगता जाऊन बाराही बिलं वेगळी मागणं बरं नाही, आधी फोन करा आणि एकाने भरा. टीप पाच ते दहा टक्के, टेबलावर न ठेवता पैसे देतानाच पूर्ण आकडा सांगायचा: बिल 28 युरो, तुम्ही म्हणा ‘ड्रायसिश’, म्हणजे तीस. नोट देताना ‘डांके’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘उरलेले ठेवा’ असा घेतला जातो. सुटे हातात आल्यावर आभार माना.

रात्री साडेनऊला जेवायला निघायची सवय सोडा, स्वयंपाकघर तोवर आवरायला लागतं. आठवड्यातला एक दिवस ‘रूहेटाग’, म्हणजे सुट्टीचा वार, असतो, बऱ्याच ठिकाणी सोमवार. दारावरची पाटी आदल्या दिवशी बघून ठेवा.