पंप आधी, गरम पाणी नंतर: सोसायटीचा विजेचा भार उन्हात आणायचा कसा

सौरवीज दुपारी मुबलक. ऊन उतरलं की ग्रिडला तीच गरज औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांवर भागवावी लागते. नाशिकच्या अनेक इमारतींत पंप नेमका तेव्हाच चालतो, कारण टाकीतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) पातळी बघतो, घड्याळ नाही.

समजा ४० फ्लॅट, १६० माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. पंप ११ ते ३ मध्येच चालवायचा तर गच्चीवर जवळजवळ एवढं पाणी मावलं पाहिजे. टाकी १५,००० चीच असेल तर सकाळी ९ ची एक फेरी ठेवा. पालिकेचं पाणी पहाटे येत असेल तर खालची टाकीही बघा. पंप ११ पर्यंत बंद असल्यानं ती लवकर भरली की तिचा फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो आणि उरलेलं पाणी मिळतच नाही.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. ठरलेल्या वेळी पंप चालू-बंद करणारा टायमर थेट मोटरला लावू नका. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, टायमरचे काँटॅक्ट चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. टायमर स्टार्टरच्या कॉइलच्या वायरीत, वरच्या फ्लोटशी सीरिजमध्ये घ्या. टाकीच्या पाव पातळीवर आणखी एक फ्लोट बसवून तो टायमरला पॅरलल द्या, म्हणजे घरात पाहुणे असले तरी नळ कोरडे पडत नाहीत. खालच्या टाकीचा ड्राय-रन फ्लोट (पाणी संपलं की पंप थांबवणारा) मात्र या सगळ्यांशी सीरिजमध्येच. तो बायपास झाला तर पंप कोरडा फिरून सील जळतो. टायमर बॅटरी बॅकअपचा हवा. नाहीतर दर वेळी वीज गेली की घड्याळ मागे पडतं आणि पंप हळूहळू पुन्हा संध्याकाळी सरकतो.

पंप सोपा आहे, पण युनिट जास्त खातो तो गिझर. २५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला एक युनिट लागतं. असे ४० गिझर धरा. तरी सकाळच्या आंघोळीसाठी छोटा गिझर दुपारीच तापवून ठेवू नका, रात्रभरात बरीच उष्णता निघून जाते. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांनी तो ४ ला लावावा. गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याच्या बॅकअप कॉइलला (ऊन कमी पडलं तर विजेवर पाणी तापवणारी) टायमर लावा, ३ ते ५. एरवी सकाळच्या आंघोळी झाल्या की थर्मोस्टॅट लगेच कॉइल चालू करतो आणि उन्हाला तापवायला काही उरतच नाही.

टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर महावितरणच्या बिलात ९ ते ५ चे युनिट स्वस्त पडतात. पण म्हणून सगळं ११ च्या ठोक्याला सुरू करू नका, कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वाधिक वीज) चढते. पंप, गाड्यांचं चार्जिंग यांत १५ मिनिटांचं अंतर ठेवा. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एसटीपीचा हवा सोडणारा ब्लोअर या वेळापत्रकात ओढू नका. जिवाणूंना हवा मिळाली नाही की आवारभर वास सुटतो.