धन माथे चपटे करणारा जुना एएम ट्रान्समीटर

प्लेट मॉड्युलेशनच्या (ध्वनिसंकेताने अंतिम व्हॉल्व्हचे प्लेट व्होल्टेज बदलण्याच्या पद्धतीच्या) एका जुन्या व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ट्रान्समीटरमध्ये कॅरियरची (ध्वनी वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीची) शक्ती पूर्ण मिळत होती, परंतु आवाज चढला की ध्वनी फाटत असे आणि कॅरियरची पातळी स्थिर राहण्याऐवजी खाली सरकत असे. अशा वेळी संशय प्रथम मॉड्युलेटरवर (प्लेटला ध्वनिसंकेत पुरवणाऱ्या भागावर) जातो; मात्र मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीवरील ध्वनितरंग ऑसिलोस्कोपवर निर्दोष दिसला. समलंब आकृती (ऑसिलोस्कोपवर ध्वनिसंकेत आडवा आणि रेडिओ संकेत उभा जोडून मिळणारी) जुळवल्यावर तिच्या रुंद, म्हणजे धन माथ्याच्या, टोकाकडील बाजू वाकलेल्या आढळल्या, म्हणजे माथे अंतिम आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) टप्प्यात चपटे होत होते.

१०० टक्के मॉड्युलेशनच्या धन माथ्यावर (ध्वनितरंगाच्या वरच्या टोकाला) प्लेटचे व्होल्टेज दुप्पट होते आणि प्रवाहही दुप्पट व्हावा लागतो. ग्रिडला (व्हॉल्व्हच्या नियंत्रण जाळीला) पुरेसे ड्राइव्ह (आधीच्या टप्प्याकडून येणारा आरएफ संकेत) नसेल तर व्हॉल्व्ह तेथेच अडतो. ग्रिडप्रवाह खरोखरच कमी होता. मुख्य पुरवठा बंद करून, कपॅसिटर भूसंपर्क दांड्याने रिकामे करून (ही पायरी कधीही वगळू नये) तपासले असता ड्रायव्हरच्या (हे ड्राइव्ह देणाऱ्या टप्प्याच्या) स्क्रीन ग्रिडचा कार्बन रेझिस्टर मूळ मूल्याच्या बराच वर गेलेला निघाला; त्यामुळेच ड्राइव्ह घटले होते. त्याजागी योग्य वॅटेजचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर बसवून ड्रायव्हर पुन्हा ट्यून केला, तेव्हा आकृतीच्या बाजू सरळ झाल्या.