घरगुती साठवणुकीची डिजिटल सेवा घडवताना: नवोदित डिझाइनरसाठी काही अनुभव

दाटीवाटीच्या शहरांतील घरगुती सामानाच्या साठवणुकीची सेवा हा विषय पहिला प्रकल्प म्हणून वाट्याला आला, तर नवोदितांनी तो आनंदाने स्वीकारावा असे मला मनापासून वाटते. व्यवहार वरवर सोपा दिसतो. घरात न मावणारे सामान सेवेची माणसे घेऊन जातात, गोदामात ठेवतात आणि मागितले की परत आणून देतात. नोंदणी, पैसे आणि मागणी हे सारे मोबाइलवरून होते. अभ्यासक्रमात आणि पुढे नोकरीतही या विषयावर काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. सामान सोपवण्याची प्रक्रिया कितीही सुबक केली, तरी ग्राहकाचा विश्वास ठरतो तो हवी ती वस्तू हव्या त्या वेळी परत मिळते की नाही यावर. म्हणून डिझाइनची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

मुलाखतींमध्ये ‘अशी सेवा तुम्ही वापराल का?’ हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही, कारण समोरचा माणूस सौजन्याने हो म्हणतो. त्याऐवजी माळ्यावरची एखादी वस्तू काढून दाखवण्याची विनंती करावी आणि शांतपणे पाहत राहावे. एका घरात बाईंनी ‘वर सगळे बिनकामाचेच आहे’ असे सांगितले आणि स्टुलावर चढून मोठी सुटकेस खाली घेतली. ती काढण्यासाठी आधी घडीचा पाळणा आणि टेबलफॅनचा खोका बाजूला करावा लागला. सुटकेसमध्ये गोधड्या होत्या, गोधड्यांखाली मुलांच्या जुन्या वह्या आणि तळाशी, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरची मंडळी बरेच दिवस शोधत असलेली प्रमाणपत्रे. अ‍ॅपच्या यादीत या साऱ्याची नोंद ‘सुटकेस, 1 नग’ एवढीच झाली असती. अशी एक भेट नोंदीच्या रचनेविषयी जे शिकवते, ते प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यातूनही सहसा उमगत नाही. मात्र कपाटात औषधे असतात, खासगी कागदपत्रेही असतात. म्हणून छायाचित्र काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी स्वतंत्र परवानगी घ्यावी.

पुढची अडचण जागेच्या अंदाजाची. सामान किती घनमीटर भरेल हे सामान्य माणसाला सांगता येत नाही आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नसावी. 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद आणि 40 उंच असे दहा खोके एकत्र ठेवले की जवळपास 1 घनमीटर होते. 180 सेंटिमीटर उंच, 100 रुंद आणि 60 खोल असे कपाट एकट्यानेच त्याहून थोडी अधिक जागा घेते. ही आकडेमोड सेवेने करावी. ग्राहकाला चित्रांमधून वस्तू निवडू द्याव्यात आणि उत्तर एका नेमक्या आकड्याऐवजी ‘इतके ते इतके’ असे द्यावे. अंतिम मोजमाप दारात होणार असेल, तर रक्कम कोणत्या कारणाने बदलू शकते हे आधीच स्पष्ट लिहावे. अन्यथा दारात उभ्या असलेल्या कामगाराला, ज्याचा दर ठरवण्याशी काहीही संबंध नाही, ग्राहकाचा राग सोसावा लागतो.

या कामगाराला डिझाइनमध्ये स्थान देण्यासाठी सर्व्हिस ब्ल्यूप्रिंट, म्हणजे सेवेतील प्रत्येक टप्पा आणि तो कोण पार पाडतो हे क्रमाने दाखवणारा आराखडा, हे साधन फार उपयोगी पडते. जी. लिन शोस्टॅक यांनी 1984 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात ते सविस्तर मांडले आणि ग्राहकाला दिसणारे काम व पडद्यामागचे काम यांच्यामध्ये एक रेषा आखली. आपल्या सेवेत बहुतेक कष्ट या रेषेखाली आहेत. कामगाराच्या हातात मोजे असतात, तळघरात नेटवर्क नसते, जिन्यात उजेड कमी असतो. म्हणून त्याच्या स्क्रीनवर बटणे मोठी हवीत आणि नोंद नेटवर्कशिवायही व्हायला हवी. खोक्यांवर क्यूआर कोड लावणे सोयीचे आहे, कारण कोडमध्येच चूक-दुरुस्तीची सोय असते आणि तिच्या सर्वोच्च पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. पण खोके एकमेकांवर, एकमेकांना चिकटून रचले जातात. तेव्हा एकाच बाजूवर कोड चिकटवून भागत नाही, लगतच्या दोन बाजूंवर तोच कोड लावावा लागतो. असा तपशील संगणकासमोर बसून सुचत नाही, त्यासाठी गोदामात उभे राहावे लागते.

परत मागणीचा प्रवास रेखाटताना एका प्रश्नावर थांबावे: ग्राहकाला अख्खा खोका हवा आहे की त्यातील एकच वस्तू? गोदामात खोका उघडण्याची मुभा कर्मचाऱ्यांना द्यायची नसेल, तर अख्खा खोकाच परत पाठवावा लागेल, आणि हे ग्राहकाला सामान भरतानाच समजले पाहिजे, म्हणजे वारंवार लागणाऱ्या वस्तू तो वेगळ्या खोक्यात भरेल. खोका बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे एक छायाचित्र काढायला सुचवावे. ‘इतर’ असे नाव दिलेल्या खोक्याचा शोध काही महिन्यांनी केवळ त्या छायाचित्रावरूनच लागतो.

याहून कठीण भाग अधिकारांचा. सामान घराचे असते आणि खाते एका व्यक्तीचे. पती-पत्नी विभक्त झाले, खातेदाराचे निधन झाले किंवा हप्ते थकले, तर सामान कोणाला द्यायचे? याची उत्तरे डिझाइनरने एकट्याने ठरवू नयेत, कायदेतज्ज्ञांना सोबत घ्यावे. परंतु हे प्रश्न वेळेवर मांडणे ही जबाबदारी आपलीच आहे. ज्वलनशील द्रव, गॅसच्या टाक्या, नाशवंत पदार्थ आणि लिथियम बॅटऱ्या यांविषयीची सूचनाही अटींच्या लांबलचक पानात न ठेवता संबंधित वस्तू निवडताच दाखवावी.

चाचणीबाबत वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा 2000 सालचा सल्ला नवोदितांच्या वाचनात लवकर येतो: पाच वापरकर्त्यांकडून बहुतांश अडचणी समोर येतात. तो एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटासाठी आहे. इथे ग्राहक, सामान उचलणारे आणि गोदाम सांभाळणारे असे तीन निराळे गट आहेत, तेव्हा प्रत्येकाची चाचणी स्वतंत्र घ्यावी, आणि शक्यतो खऱ्या, भरलेल्या खोक्यांसह घ्यावी. नोकरीसाठी कामाचा संग्रह तयार करताना चकचकीत स्क्रीनच्या आधी परत मागणीची ब्ल्यूप्रिंट ठेवावी आणि तिच्या बाजूला कोणता पर्याय का सोडून दिला हे चार ओळींत लिहावे. मुलाखत घेणारे बहुधा त्याच पानावर प्रश्न विचारतात.