पायाच्या रक्तवाहिन्यांचं शिबिर: घोट्याचा दाब नीट कसा मोजावा

शाळेची खोली, दोन खाटा, पडदा आणि आशाताई यांची सोय झाली आहे असं धरतो. पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा रोग शोधायचा आहे, पण फलकावर त्याचं नाव नको. ‘चालताना पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं?’ एवढंच लिहा. मधुमेही, बिडी-सिगारेट ओढणारे आणि पासष्टीपुढचे आधी बोलवा.

अंगठा काळा पडलेला, पायाची जखम भरत नसलेला किंवा दुखतं म्हणून रात्री पाय खाटेखाली सोडून झोपणारा माणूस आला, तर मोजत बसू नका. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा.

बाकीच्यांना दहा मिनिटं उताणं झोपवा. चालत आलेल्याचा दाब लगेच घेतला तर तो आकडा फेकून द्या.

आता खरी अडचण. घोट्याशी स्टेथोस्कोप चालत नाही, घरगुती ऑटोमॅटिक मशीनही नको. ‘बोटाने नाडी लागली, पाय ठीक’ हा सल्ला तर मला अजिबात मान्य नाही. कित्येकदा आपल्याच बोटाची नाडी लागते. हातात धरायचा डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र घ्या, ८ मेगाहर्ट्‌झचं. बाळाचे ठोके ऐकायचा डॉप्लर इथे कामाचा नाही.

जेल भरपूर लावा. प्रोब (यंत्राचं त्वचेवर टेकवायचं टोक) साधारण ४५ ते ६० अंशांत तिरका धरा आणि दाबू नका. जोर दिला की धमनीच बंद होते आणि धडधाकट पाय आजारी ठरतो. सूंऽऽ असा सलग आवाज शिरेचा. आपल्याला ठोक्यागणिक येणारा धमनीचा आवाज हवा. पावलावरची धमनी सापडली नाही तर घाबरू नका, काही निरोगी लोकांतही ती लागत नाही. आतल्या घोट्यामागची शोधा. घोट्याच्या वर बांधलेला दाबाचा पट्टा फुगवत जा. आवाज बंद झाल्यावर आणखी २० मिमी (पाऱ्याचा दाब) फुगवा, हळूहळू सोडा. आवाज परत येतो तो आकडा लिहा.

दोन्ही दंडांचा दाबही डॉप्लरनेच. प्रत्येक पायाच्या या दोन धमन्यांतल्या मोठ्या आकड्याला दंडांतल्या मोठ्या आकड्याने भागा: घोटा ११२, दंड १४०, म्हणजे ०.८०. ०.९० किंवा कमी आलं तर धमनी अरुंद असल्याची शक्यता मोठी. १.४० च्या वर आलं तर ‘उत्तम’ लिहून मोकळे होणारे पाहिले की चीड येते. मधुमेहात, मूत्रपिंडाच्या आजारात धमन्या कडक होऊन पट्ट्याने दबत नाहीत. अशांचा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला पाठवा.

चिठ्ठीवर दोन्ही पायांचे आकडे वेगवेगळे लिहा, तंबाखू बंद करायला सांगा, आणि बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका हे घरच्यांनाही ऐकवा.