सरकारी लिलावात गाडी घेताना: बोलीआधी फॉर्म ३२ची (लिलावातली गाडी नावावर करण्याच्या अर्जाची) तयारी बघा

लिलावातली गाडी 'जशी आहे, जिथे आहे' याच अटीवर मिळते. नंतर तक्रार ऐकली जात नाही, म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नका.

सर्वांत आधी नोंदणीची तारीख. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही; त्या फक्त अधिकृत भंगार केंद्रांसाठी असतात. कर थकल्याने जप्त झालेली खासगी गाडी हा वेगळा प्रकार.

चासी नंबर आरसी बुकातल्या नोंदीशी स्वतः ताडून पाहा. बॅटरी बहुधा उतरलेली असते, इंजिन सुरू होत नाही. तेव्हा डिपस्टिक (इंजिनातलं तेल तपासायची पट्टी) ओढा: तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ती गाडी सोडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी नव्या टायरचा खर्च धराच.

खरी अडचण कागदांत येते. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओत फॉर्म ३२ द्यावा लागतो. सोबत आरसी, विमा, विक्री कायम झाल्याचं सहीचं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या शासन आदेशाची प्रमाणित प्रत. ही प्रत मिळणार का, हे अनामत भरण्याआधीच विचारा. टोइंगचं भाडं आणि मुदतीत गाडी न उचलल्यास लागणारं जागाभाडंही बोलीच्या हिशेबात धरा.