वर्ग सोडून ऑफिसात जाताय? या चुका टाळा

पगार कमी असला तरी शाळेच्या प्रशासनातली जागा घ्यावी, की शिकवतच राहावं? हा प्रश्न पडलेले शिक्षक बहुतेक वेळा एकच आकडा घेऊन बसलेले असतात: महिन्याला किती कमी मिळणार. त्यावर घरी दहा वेळा चर्चा झालेली असते. पंचाईत अशी की तो आकडाच चुकीचा असतो.

महिन्याचा पगार महिन्याच्या पगाराशी ताडून पाहणं

आत्ताचा पगार 100 धरा, नव्या जागेचा 88. "12 टक्क्यांचाच तर प्रश्न आहे, भागवू" म्हणून माणूस मोकळा होतो. आता दिवस मोजा. शिक्षकाचे कामाचे दिवस 190 धरले, तर प्रशासनातल्या माणसाचे 225 सहज होतात. मुलांना सुट्टी लागली की त्याचे प्रवेश, वेळापत्रक, नेमणुका, इमारतीची डागडुजी आणि हिशेब तपासणी सुरू होते. दिवसाचे 8 तास साडेनऊवर जातात. वर्षाच्या पगाराला वर्षाच्या तासांनी भागलं की शिकवताना तासाला 0.79 पडतात आणि ऑफिसात 0.49. 12 टक्क्यांची घट बघता बघता 37 टक्के झाली.

थांबा, लगेच नकारही कळवू नका. शिक्षकाच्या बाजूला घरी तपासलेल्या वह्या धरल्याच नाहीत. रोजचा दीड तास त्यात घातला की तासाचा दर 0.66 वर येतो आणि घट 26 टक्क्यांवर. तुमचा आकडा कुठे बसतो हे तुमच्या तासांवर ठरेल, आणि ते तास अंदाजाने सांगू नका. आठवणीत सगळेच रोज बारा तास राबत असतात. दोन साधे आठवडे आणि परीक्षेचा एक आठवडा, असे तीन आठवडे घड्याळ बघून नोंद ठेवा. एवढा धीर नसेल तर मुलाखतीला जाऊच नका. ऑफिसात याहून कंटाळवाण्या नोंदी रोज ठेवाव्या लागतात.

"पुढे वेतनवाढ चांगली आहे" हे वाक्यही मोजून घ्या. शिक्षकाला वर्षाला 3 टक्के आणि प्रशासनाला 4 टक्के वाढ धरली, तर 88 ला 100 च्या रांगेत यायला 13 वर्षं लागतात. तोवर गेलेले पैसे भरून निघायला जवळपास तेवढीच आणखी. निवृत्तीला 8 वर्षं उरली असतील तर हा मुद्दा तुमच्यासाठी संपला. त्यातही पेन्शन शेवटच्या पगारावर किंवा शेवटच्या काही वर्षांच्या सरासरीवर ठरत असेल, तर ही कपात फक्त नोकरीपुरती नाही, ती आयुष्यभर सोबत येते. एकूण रक्कम तीच ठेवून मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील, तर भविष्य निर्वाह निधीलाही कात्री लागू शकते, कारण बहुतेक ठिकाणी तो मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर मोजतात, इतर भत्त्यांवर नाही.

सुट्टीतले वर्ग, शिकवण्या, पेपर तपासणीचं मानधन हेही यादीत लिहा. ते बहुधा बंद होणार.

वर्गाचा वीट आला म्हणून पळून जाणं

हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात जास्त महागात पडतं. ज्या गोष्टींनी माणूस थकलेला असतो, त्यातल्या निम्म्या ऑफिसात त्याच्याआधी जाऊन बसलेल्या असतात.

उपमुख्याध्यापकाची एक साधी सकाळ बघा. घंटेला 40 मिनिटं आहेत आणि चार शिक्षक आलेले नाहीत. प्रत्येकाच्या 6 म्हणजे 24 तासिका, वेळापत्रकात 24 रिकामे चौकोन. कोण मोकळं आहे ते तक्त्यात दिसतं, पण काल कुणाला बदली तासिका दिली होती आणि कोण आज तोंड वाकडं करणार हे तक्त्यात नसतं. प्रयोगशाळेचा तास कुणालाही देता येत नाही. मुकाट्याने ऐकणारे तिघे आहेत; त्यांच्याच गळ्यात रोज मारलं तर महिन्याभरात तेही तुमच्याशी बोलायचे थांबतात. 11 चौकोन भरून होतात तोच दारात पालक उभे, गुणांची तक्रार घेऊन, आणि फोनवर बसचा चालक: गाडी बंद पडली आहे.

म्हणून आधी कागद घ्या. गेल्या 10 दिवसांत संध्याकाळी डोकं नेमकं कशाने उठलं ते लिहा. वह्यांचा गठ्ठा, तोच धडा सातव्यांदा, घसा बसणं, 50 मुलांचा गोंगाट असं जास्त आलं तर जागा बदलून उपयोग होईल. पालकांचे फोन, वरून येणारे फतवे, सहकाऱ्यांची कुरबुर, माहितीचे तक्ते असं जास्त आलं, तर तुम्ही आगीतून फुफाट्यात चाललाय. मग इयत्ता बदलून घ्या, विषय बदला, महिनाभर रजा काढा. तेवढं पुरतं का ते आधी बघा.

आणि एका हंगामासाठी वेळापत्रकाची किंवा प्रवेशाची जबाबदारी अंगावर घेऊन बघा. दोन दिवस साहेबांच्या खुर्चीशेजारी बसून "मला अंदाज आला" म्हणणाऱ्यांना अंदाज आलेला नसतो.

परतीचं दार न तपासणं

नेहमीचा प्रकार असा. अनुभवी शिक्षक, सेवाज्येष्ठतेत वरचा. नवी जागा मिळाल्याच्या आनंदात राजीनामा देतो. नव्या पदावर एक वर्षाचा परिवीक्षा काळ, म्हणजे कायम करण्याआधी पारखून बघण्याचा काळ असतो आणि अकराव्या महिन्यात "कायम करता येत नाही" असं पत्र हातात पडतं. जुन्या जागी तोवर दुसरा माणूस रुजू झालेला. परत घेतलं तरी नवा म्हणून, यादीत सगळ्यात खाली, सेवेत खंड पडलेला. गाळलेलं पाऊल एकच: राजीनाम्याऐवजी धारणाधिकार, म्हणजे जुन्या पदावर परत येण्याचा हक्क, किंवा निदान बिनपगारी रजा मिळते का हे विचारणं. मिळत असेल तर मुदत किती आणि परतल्यावर ज्येष्ठता कुठली धरणार, हे लेखी घ्या. त्याच संस्थेत बढती असली तरी विचारा. "आपलीच शाळा आहे" हे उत्तर नाही.

आणखी काही, थोडक्यात

निकालाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. त्या आठवड्यात कुठलीही दुसरी नोकरी बरी वाटते.

"प्रभारी" म्हणून काम सुरू करा, आदेश नंतर निघेल, असं सांगितलं तर आदेश निघेपर्यंत सही कुठेही करू नका. जबाबदारी पहिल्या सहीपासून लागते, पगार आदेशापासून.

"थोडे तास शिकवतही राहीन" म्हणणाऱ्यांनी तासिकांची संख्या ठरवून घ्यावी. आठवड्याला 4 ते 6 निभतात. 12 घेतल्या तर वर्गात उशिरा पोचाल आणि ऑफिसातलं काम रात्री घरी न्याल.

पदाच्या नावापेक्षा अधिकार विचारा: किती खर्चापर्यंत तुमची सही चालते, रजा कोण मंजूर करतो, नेमणुकीत तुमचं मत धरतात का. तिन्हींचं उत्तर "वर विचारावं लागेल" असेल तर ती जागा निरोप्याची आहे.

"वर्षभराने पगार बघू" हे तोंडी आश्वासन हिशेबात शून्य धरा.

आणि आधीचा माणूस का गेला ते त्या शाळेतल्या लिपिकाला विचारा, मुलाखत घेणाऱ्याला नको. तीन वर्षांत तीन माणसं बदलली असतील तर वर मांडलेलं गणित करण्याचेही श्रम घेऊ नका.